आरी की चिझल? पाकिटापासून पट्ट्यापर्यंत शिवून झाल्यावर

चामड्याची दोन सुयांची सॅडल शिलाई, म्हणजे एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना सुया लावून प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी ओवायची शिलाई, शिकायला एक रविवार पुरतो. भोकं नीट पाडायला मात्र वर्ष जातं. शिलाई देखणी दिसणार की गबाळी, हे दोरा ओवायच्या आधीच ठरून गेलेलं असतं. त्यामुळे चामड्याचा नाद लागलेल्या कुणीही विचारलं की "पुढचे पैसे कशावर घालू?", तर बोलणं फिरून फिरून इथेच येतं: एका घावात ओळीने भोकं पाडणाऱ्या दातेरी चिझलचा चांगला सेट घ्यायचा, की एकेक भोक पाडणारी आरी हातात बसवायची?

मी आधी अडीच वर्षं चिझल वापरले आणि मग आरीकडे वळलो. तेव्हा तटस्थ आहे असं म्हणणार नाही, पण चिझलला शिव्या घालायलाही बसलेलो नाही.

एक घोटाळा आधीच मिटवतो. स्टेशनबाहेर चपला शिवणाऱ्या कारागिराच्या हातातली आरी आणि इथली आरी वेगळ्या. त्याच्या आरीच्या टोकाला हुक असतो. ती आत घालून खालचा दोरा वर ओढायचा आणि त्या फासातून दुसरं टोक काढायचं. सुई लागतच नाही, आणि वेग असा की आपण बघत राहावं. मी म्हणतोय ती बिनहुकाची, शंकरपाळ्याच्या आकाराच्या पात्याची. ती फक्त भोक पाडते, दोरा सुया नेतात. माझ्या ओळखीच्या एका कारागिराला मी ही पद्धत करून दाखवली, तेव्हा तो म्हणाला, "एका टाक्याला एवढी मशागत?" त्याचं चूक नव्हतं. त्याच्यापुढे गिऱ्हाईक एका पायावर उभं असतं.

आता चिझल. कार्ड ठेवायचं साधं पाकीट घ्या. तीन बाजूंची शिलाई साधारण 25 सेंटिमीटर, दातांतलं अंतर 3.85 मिलिमीटर, म्हणजे पासष्ट भोकं. सहा दातांचा चिझल, पहिला दात मागच्या भोकात ठेवून पुढे सरकायचं, तेरा-चौदा घावांत काम संपलं. भोकं सारख्या अंतरावर, सारख्या तिरकेपणाची. नवख्या माणसाचं पहिलं पाकीटसुद्धा लोकांना दाखवण्याजोगं होतं, आणि त्या आनंदाची किंमत मी कमी लेखत नाही. पहिल्याच महिन्यात आरी हातात दिली असती, तर मी बहुधा हा छंद सोडून बागकामाकडे गेलो असतो.

(खरेदी करताना दाताचा नंबर नव्हे, मिलिमीटर बघा. नंबर म्हणजे इंचात किती टाके. फ्रेंच नंबर त्यांच्या जुन्या इंचावर चालतात, तो आपल्या इंचापेक्षा मोठा. त्यांचा 8 नंबर म्हणजे 3.38 मिलिमीटर, तर आपल्या इंचात आठ टाके बसवले की सव्वातीनच्याही आत. दोन वेगळ्या कंपन्यांचे चिझल एकाच शिलाईवर चालवले की हा फरक कोपऱ्यावर येऊन चिडवतो.)

आवाजाचं काय, असं सगळे विचारतात. फ्लॅटमध्ये रात्री दहानंतर ठोकाठोक म्हणजे खालच्या मजल्याशी वैर, हे खरंच आहे. पण त्यावर उपाय निघतो. किचन ओट्याच्या कामातून उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा, त्याखाली घडी घातलेली सतरंजी, आणि टेबलाच्या मध्यावर न ठोकता बरोबर पायावर ठोकायचं. हौस दांडगी असेल तर हाताने दाबायचा छोटा प्रेस घ्या. आवाजासाठी मी चिझल सोडले नसते.

सोडले ते चिझल बाहेर काढण्यापायी.

हे कुणी आधी सांगत नाही. दीड मिलिमीटरचे दोन थर असतील तर चिझल लोण्यातून सुरी निघावी तसा निघतो. पण मेहुण्यासाठी पट्टा करायला घेतला तेव्हा कातडं होतं म्हशीचं, झाडाच्या सालीत कमावलेलं, साडेतीनचे दोन थर, मध्ये चिकटवायचं सोल्युशन. चार दातांचा चिझल आत गेला आणि तिथेच रुतून बसला. मग तो उपटायचा. एका हाताने पट्टा दाबून धरा, दुसऱ्याने चिझल किंचित पुढे-मागे हलवा आणि ओढा. त्या हलवण्यात भोकं रुंद होतात. ओढताना कातड्याचा वरचा पोत भोकाभोवती वर येतो, मुरमाएवढे बारीक उंचवटे, ओळीने. नंतर हातोडीने सपाट केले तरी उजेडात तिरका धरला की पट्टा सांगतो काय झालं होतं ते. त्यात चिझल सरळ उभा नसेल तर पुढून रेघ सुतासारखी आणि मागून कडेच्या बाहेर पळालेली. आरपार ठोकल्यावर दुरुस्तीला जागाच नसते.

उपाय सगळे केले. दात मधमाशीच्या मेणात खुपसून घेतले, दातांच्या मधली जागा बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत केली, कातडं दाबायला लाकडी पट्टीला खाच पाडून घेतली. फरक पडला, नाही असं नाही. पण एका कडेला दोनशे साठ भोकं आणि दर चार भोकांमागे ही कुस्ती. दुसऱ्या कडेला शेवटून तिसऱ्या ठोक्यावर एक दात वाकला. त्या रात्री पट्टा तसाच टेबलावर ठेवून मी झोपलो. सकाळी उरलेली नऊ भोकं, गंजलेली एक आरी पडून होती, तिला दगडावर घासून, तिने पाडली. ती नऊ भोकं त्या पट्ट्यातली सगळ्यात चांगली भोकं आहेत. मेहुण्याला माहीत नाही, पण मला पट्टा बघितला की आधी तीच दिसतात.

आरीचं गणित असं: भोक पाडून ती लगेच बाहेर येते, कारण एकच पातं असतं आणि तेही टोकाकडे निमुळतं. भोकाच्या कडा पुन्हा मिटू बघतात, तेवढ्यात सुया गेल्या की कातडं दोऱ्याला आवळून धरतं. चिझलच्या भोकात 0.8 मिलिमीटरचा दोरा कधीकधी ऐसपैस बसलेला दिसतो. आरीच्या भोकात तो रुतलेला असतो. मोजून सांगता येणार नाही, पण त्याच जाडीचा दोरा आणि तेच कातडं असताना माझ्या डोळ्यांना फरक कळतो.

आणि काटकोनात जोडलेल्या भिंतींची पेटी किंवा चष्म्याचं कडक घर करायचं असेल तर निवड उरतच नाही. एका तुकड्याच्या अंगातून शिरून दुसऱ्याच्या कडेतून बाहेर पडणारं भोक सरळ दातांचा चिझल पाडणार तरी कसा? जुन्या बॅगेची उसवलेली शिलाई पुन्हा मूळ भोकांतून घालायची असली तरी आरीच.

आता आरीचा त्रासही सांगायला हवा, नाहीतर हा आढावा एकतर्फी होईल. (थोडा झालाच आहे.) पहिली गोष्ट, आरी घेतली म्हणून दात असलेलं हत्यार सुटत नाही. खुणा करायला प्रिकिंग आयर्न (चिझलसारखंच, पण फक्त खुणा उमटवणारं) किंवा निदान चकली, म्हणजे फिरवून खुणा करायचं दातेरी चाक, लागतेच. दुसरी, तुकडा पोनीत (शिवताना चामडं धरून ठेवणाऱ्या लाकडी चिमट्यात) घट्ट पकडल्याशिवाय आरी चालवता येत नाही, म्हणजे आणखी एक वस्तू घरात. तिसरी आणि मोठी, मागची बाजू. आरी प्रत्येक वेळी त्याच कोनात, तितकीच आडवी, आणि पात्याचा तिरकेपणा खुणेला धरून गेली पाहिजे. माझी मागची ओळ पहिले चार महिने मुंगळ्यांच्या रांगेसारखी होती. शेवटी लक्षात आलं की मनगट ठीक होतं, कोपर हलत होतं. कोपर बरगडीला टेकवलं आणि रांग सरळ झाली.

म्हणून, माझ्यापुरतं सांगतो. बकऱ्याचं पातळ कातडं, अस्तर, लग्नात वाटायला एकसारखी वीस पाकिटं असं काम असेल तर चिझल घ्या आणि सुखाने ठोका. तिथे आरीचा हट्ट म्हणजे निव्वळ मिरवणं. दोन्ही थर मिळून चार मिलिमीटरच्या वर जात असतील, पट्टे, कुत्र्याचे गळपट्टे, ऑफिसची जाड बॅग असं काही डोक्यात असेल, तर आज ना उद्या तुम्ही आरीकडे याल. मग अडीच वर्षं कशाला थांबायचं? माझ्याकडचा सहा दातांचा चिझल आता हलक्या हाताने फक्त खुणा करतो. ते काम तो उत्तम करतो.

आरी घेताना महागडी मूठ बघू नका, पातं बघा. दुकानातून येते तशी ती बोथटच असते. टोकाच्या चारही बाजू बारीक दगडावर घासा, मग चामड्याच्या पट्टीवर पॉलिश लावून ओढत राहा. कातड्यात ढकलताना 'कच्' असा आवाज आला तर अजून धार नाही. नीट लागली की काहीच ऐकू येत नाही. आणि मागून आधाराला बाटलीचं बूच धरा, बोट नको. मी हे डाव्या हाताच्या मधल्या बोटावर तिसऱ्यांदा पट्टी बांधल्यावर शिकलो.