यू यू हाकुशो, खंड १८ आणि १९: लढतीशिवायची टूर्नामेंट

(स्पॉयलर भरपूर आहेत. शेवट माहीत नसेल तर हे वाचन पुढे ढकला.)

योशिहिरो तोगाशीची ही मांगा (जपानी कॉमिक) मालिका डिसेंबर १९९० ते जुलै १९९४ या काळात साप्ताहिक शोनेन जंपमध्ये आली. एकूण १७५ प्रकरणं, १९ खंड. मधल्या डार्क टूर्नामेंटला सुमारे सहा खंड मिळाले आणि त्यावरच मालिकेचं नाव झालं. शेवटच्या तीन राजांच्या पर्वाला जेमतेम दोन-सव्वादोन खंड आले, आणि त्यातली मकाईची (राक्षसांच्या जगाची) टूर्नामेंट तर मोजक्या प्रकरणांत आटोपली. ‘घाईत गुंडाळलेलं पर्व’ म्हटलं की आजही पहिल्यांदा याचंच नाव निघतं. तक्रार खरी आहे, पण ती बहुतेकदा चुकीच्या जागी केली जाते.

आधी डार्क टूर्नामेंट का चालली ते बघू, कारण मोजमाप तिच्याशीच होतं. तिथे प्रत्येक लढतीचा खर्च पुढच्या लढतीच्या खात्यात जातो. नायक युसुकेच्या संघातला हिएई पहिल्याच सामन्यात प्रतिस्पर्धी झेरूवर काळा ड्रॅगन सोडतो आणि उजवा हात भाजून बसतो. नंतरच्या लढतींत तो हात नाही हे धरूनच संघाला डाव आखावा लागतो. माशो संघाविरुद्ध तर हा प्रकार टोकाला जातो. हिएई आणि मुखवटाधारी खेळाडू वैद्यकीय तपासणीच्या नावाखाली अडकवलेले, म्हणून त्यांचा साथीदार कुरामा एकटाच पुढे होतो. माशो संघाचा गामा मरता मरता आपल्या रक्ताने त्याची शक्ती बांधून टाकतो, आणि समोर लगेच तोया उभा राहतो. शक्ती कोंडलेली, म्हणून कुरामा बी स्वतःच्या शरीरात रुजवून तिथून वेल काढतो आणि जिंकतो. मग उभ्याउभ्याच बेशुद्ध झालेल्या कुरामाला बाक्केन धोपटत राहतो. कोण जिंकलं हे आठवत नसलं तरी कोणाकडे काय शिल्लक होतं हे वाचकाला आठवतं. टूर्नामेंट पर्व याच शिलकीवर चालतं.

आता १८ वा खंड. रायझेन, मुकुरो आणि योमी या तीन राजांचा तोल शतकानुशतकं टिकलेला. माणसाचं मांस न खाण्याच्या हट्टापायी रायझेन उपाशी मरतो आणि त्याचा वारस युसुके योमीकडे जाऊन सुचवतो: राज्यं बाजूला ठेवा, सगळ्यांनी एकेकट्याने उतरायचं, जिंकेल तो मकाईचा राजा. रायझेनचे जुने दोस्त, प्रत्येक जण राजांच्या तोडीचा, खुशीने सामील होतात. योमी आणि मुकुरोही तयार होतात.

गोम इथेच आहे. दोघांनी होकार दिला त्या क्षणी युद्ध टळलं. या पर्वात उभा राहिलेला प्रश्न तोच होता, आणि तो पहिली घंटा वाजण्याआधीच सुटला. हरणाऱ्याचं काही जात नाही, कोणी ओलीस नाही, संघ नाही, एका लढतीची जखम दुसऱ्याच्या गळ्यात पडत नाही. अशा टूर्नामेंटला आणखी चार खंड दिले असते तरी ताण आला नसता. देखण्या मारामाऱ्या तेवढ्या आल्या असत्या.

तोगाशीने हे ओळखलं असावं, असं मला पानांवरून वाटतं. युसुके आणि योमी समोरासमोर येतात, लढत सुरू होते आणि कथा सरळ पुढे उडी मारते. युसुके हरला हे आपल्याला नंतर सांगितलं जातं. मुकुरो-हिएई लढत तर जवळपास नाहीच. स्पर्धा जिंकतो एन्की, म्हणजे वाचकाला अगदी अलीकडे भेटलेला, शिंगवाला, थोराड आणि मवाळ गडी. त्याचा मुख्य कायदा: माणसांच्या जगाला त्रास द्यायचा नाही. साप्ताहिक ॲक्शन मालिकेत नायकाची शेवटची मोठी लढत अशी पानाआड टाकणं हे धाडस होतं आणि वाचकाला चिडवणंही. मला यातलं धाडस पटतं. अर्धवट रेखाटलेल्या, तीन चौकटींत संपणाऱ्या दहा लढतींपेक्षा एक स्वच्छ उडी बरी. ताकदीची शिडी चढत राहणं निरर्थक आहे, हे एन्कीच्या विजयाइतकं थोडक्यात दुसऱ्या कशाने सांगता आलं नसतं.

मग घाई नडते कुठे? लढती सोडून बाकी सगळीकडे.

सर्वात मोठा तोटा त्या सहा जणांचा. जिन, तोया, चू, रिंकू, शिशिवाकामारू आणि सुझुकी, डार्क टूर्नामेंटमधले सगळे लाडके प्रतिस्पर्धी. कुरामा त्यांना युसुकेची गुरू गेन्काई हिच्याकडे तयार करवतो आणि योमीच्या दरबारात उभे करतो. प्रत्येकाची शक्ती एक लाखाच्या पुढे. दरबार थक्क, वाचकही थक्क. आणि पुढे? ते स्पर्धेत उतरतात, बस्स. एवढी तयारी दाखवून तिचा वापरच न करणं ही मांडणीतली चूक आहे, त्याला धाडस म्हणता येणार नाही.

दुसरा तोटा कुरामा आणि योमीचा. हजार वर्षांपूर्वी कुरामानेच पाठवलेल्या मारेकऱ्यामुळे योमीचे डोळे गेले. योमीला ते ठाऊक आहे, आणि कुरामाच्या मानवी कुटुंबाकडे बोट दाखवून तो त्याला सल्लागार म्हणून ठेवून घेतो. या पर्वातला सर्वात थंड, सर्वात चांगला ताण हाच. पानांवर मात्र तो हिशोब नीट चुकता होताना दिसत नाही; स्पर्धेची कल्पना आली आणि त्याची धार गेली.

युसुकेच्या संघातला माणूस कुवाबारा तर मकाईत जातच नाही. जगांमधला पडदा कापू शकणारी तलवार ज्याच्याकडे आहे, तो पर्वभर शाळेच्या अभ्यासात. व्यक्तिरेखेला हे शोभतं, तरी अख्खा कोपरा रिकामा राहतो.

चित्रांबद्दल बोलायलाच हवं. पार्श्वभूमी विरळ होते, पांढरी जागा वाढते, चेहऱ्यांवर कधी फक्त चार रेषा. पण त्याच पानांत रायझेनचे खोल गेलेले डोळे आणि मुकुरोचं अर्धं जळालेलं शरीर बघा: जिथे तोगाशीला रस होता तिथे रेषा अजूनही कापते. मालिका थांबवण्याचा निर्णय त्याचा स्वतःचा होता आणि त्यामागे ढासळलेली तब्येतही होती, हे त्याने १९९४ मध्ये स्वतः छापलेल्या पुस्तिकेत सांगितलं. त्यामुळे ‘साप्ताहिकाने बंद पाडली’ ही जुनी समजूत सोडून द्यावी. तो प्रकार बघायचा तर ‘शामन किंग’ बघा. तिची स्पर्धा २००४ मध्ये अर्ध्यावर तुटली आणि खरा शेवट काही वर्षांनी २७ खंडांच्या कान्झेनबान (नव्याने काढलेल्या संपूर्ण) आवृत्तीत आला. इथे तसा पुरवणी शेवट नाही. १५ खंडांची कान्झेनबान घेतली तरी कथा तीच.

१९ व्या खंडाचा उरलेला भाग स्पर्धेपेक्षा सरस आहे. सुट्या, छोट्या कथा: मुकुरोला हिएईने दिलेली वाढदिवसाची भयंकर भेट, रेईकाईवरचा (मृतात्म्यांच्या जगावरचा) दहशतवादी हल्ला, तिथला युवराज कोएन्मा याने आपल्याच बापाच्या कारभाराचं फोडलेलं बिंग. राक्षसांना मुद्दाम वाईट ठरवलं जात होतं हे कळल्यावर पहिल्या खंडापासून युसुके रेईकाईसाठी करत आलेल्या गुप्तहेरीच्या कामाकडे वेगळ्या नजरेने बघावं लागतं. दोन जगांमधला पडदा उठल्यावर हिएई मकाईत गस्त घालतो आणि वाट चुकलेल्या माणसांना परत सोडतो. हा तपशील ओझरता येतो, पण एन्कीच्या कायद्याचा अर्थ तिथेच कळतो.

वाचायचं कसं? रायझेनच्या मृत्यूपर्यंत आणि स्पर्धेच्या घोषणेपर्यंत मांगाच वाचा. मग ॲनिमेकडे (ॲनिमेशन मालिकेकडे) वळा: ११२ भागांपैकी ९५ ते ११२ हे पर्व, आणि त्यात स्टुडिओ पिएरोने मांगात नसलेल्या लढती पूर्ण उभ्या केल्या आहेत. युसुके-योमी तर मनसोक्त लांबवली आहे. मुकुरोच्या वाढदिवसाच्या भेटीचा प्रसंग मात्र तिथे लढतीतच मिसळला आहे, आणि त्याने त्यातला विखार पातळ होतो. म्हणून ती लढत पाहिल्यावरही मूळ प्रकरण वाचाच. त्यानंतर १९ वा खंड शेवटपर्यंत. रेईकाईच्या हल्ल्याची कथा हलत्या चित्रांत हवी असेल तर ती २०१८ च्या ओव्हीएत (थेट डिस्कवर आलेल्या ॲनिमे भागात) आहे. २०२३ ची नेटफ्लिक्सची पाच भागांची मालिका डार्क टूर्नामेंटमधला मुख्य शत्रू तोगुरो याच्यापाशीच थांबते, तिचा इथे उपयोग नाही.

फक्त मारामारीसाठी मालिका धरली असेल तर १३ व्या खंडानंतर सेन्सुईचं पर्व घ्या आणि १७ व्या खंडावर थांबलात तरी चालेल. कुरामा, हिएई किंवा तोगाशीची पुढची वळणं यात रस असेल तर शेवटचे दोन खंड टाळू नका. १९९८ साली सुरू झालेल्या ‘हंटर × हंटर’मध्ये त्याने हंटर बनण्याच्या परीक्षेची शेवटची फेरी उलटी बांधली: एक लढत जिंकली की पास, आणि हरणारा वर सरकत जातो. टूर्नामेंटवरचा त्याचा कंटाळा तिथे नियमांत उतरला आहे.