'लॉसूट' गिटार: नऊ महिने वाजवल्यावर

किमतीच्या चिठ्ठीवर परदेशी गिऱ्हाइकांसाठी 'लॉसूट', म्हणजे 'खटलावाली', असं लिहिलं होतं आणि त्या एका शब्दाचे जादा पैसे मी मोजले, हे आधीच कबूल करतो. तोक्योत ओचानोमिझूला गिटारची दुकानं ओळीनं आहेत. तिथल्याच एका जुन्या मालाच्या दुकानातून ग्रेको या जपानी ब्रँडची ईजी-५०० ही इलेक्ट्रिक गिटार घेतली. घाट सगळा अमेरिकेच्या गिब्सन कंपनीच्या लेस पॉल गिटारचा. नावातले ५०० म्हणजे तेव्हाची किंमत, ५० हजार येन. अनुक्रमांक 'डी ७७'नं सुरू होतो, म्हणजे ती बनली चौथ्या महिन्यात, एप्रिल १९७७ला.

आता गंमत बघा. ज्यावरून हे 'लॉसूट' नाव पडलं तो प्रसिद्ध खटला दाखल झाला २८ जून १९७७ला, फिलाडेल्फियाच्या फेडरल कोर्टात. गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिन हिनं दावा लावला एल्गरवर, म्हणजे आयबानेझ गिटारी विकणाऱ्या जपानी होशिनोच्या अमेरिकेतल्या कंपनीवर. ग्रेकोवर नाही. भांडणही अख्ख्या गिटारचं नव्हतं, हेडस्टॉकच्या, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्या असतात त्या टोकाच्या, वरच्या कडेचं होतं. उघडं पुस्तक पालथं धरल्यावर दिसते तशी ती महिरप. त्यातही आयबानेझनं तोवर आपला हेडस्टॉक बदलायला घेतला होता. १९७८मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली, निकाल असा लागलाच नाही. म्हणजे माझ्या गिटारवर खटला झाला नाही, झाला तो तिच्या चुलत बहिणीवर. चुलत म्हणायचं कारण दोघी जपानातल्या मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्यातल्या.

हे सगळं मला विकत घेतल्यावर कळलं. व्हायचं तेच.

वाजवायला कशी? नेक, म्हणजे गिटारची मान, सरळ आहे, आणि पन्नाशीला आलेल्या लाकडाकडून मला एवढंच हवं होतं. नेकजवळच्या पिकअपवर (तारांचा आवाज टिपणारं चुंबक) टोनची कळ निम्म्यावर आणली की आवाज जाड, गोलसर येतो. रात्री हेडफोन लावून मी तासन्‌तास तेवढंच वाजवतो. पहिल्या तीन-चार फ्रेट, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, मात्र झिजून चपट्या झाल्यात. आधीच्या मालकानं मन लावून वाजवलीय.

त्याच मालकानं आत हातही घातला होता. दुसऱ्याच आठवड्यात व्हॉल्यूम फिरवला की खरखर, आणि मधेच आवाज गुल. मागचं झाकण काढलं तर डाखाचे हरभऱ्याएवढे गोळे, एक वायर नुसती टेकलेली. पॉट, म्हणजे कळांखालचे फिरते भाग, साफ केले, सांधे नव्यानं डाखले; तेव्हापासून कुरकुर नाही. वजन चांगलंच आहे. उभ्यानं तास झाला की डावा खांदा बोलायला लागतो, पण लेस पॉलचा घाट घेतला की तेही आलंच.

घेणाऱ्यांनी 'लॉसूट' शब्दावर जाऊ नये. सत्तरच्या दशकातली कुठलीही जपानी नक्कल आज त्या नावाखाली खपवतात. सुरुवातीच्या कित्येक गिटारींचे नेक लेस पॉलसारखे चिकटवलेले नसून स्क्रूनं बसवलेले असायचे, तेव्हा मागची बाजू पाहिल्याशिवाय पैसे काढू नका.

आणि एक. १९८२मध्ये फेंडर या अमेरिकी गिटार कंपनीनं नकलांवर उतारा म्हणून कांदा शोकाई आणि यामानो गाक्की या जपानी कंपन्यांसोबत फेंडर जपान काढली. गिटारी बनवायला दिल्या कुणाला? फुजिगेनला. ग्रेको हा ब्रँड या कांदा शोकाईचाच. माझी विकायला काढलेली नाही, विचारू नये.