वाड्याने आखलेली बैठक: दोन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाड्यावरच्या, म्हणजे गावातील वस्तीवरच्या, सार्वजनिक बैठकीला (बसण्याच्या जागेला) येत्या दिवाळीत दोन वर्षे पूर्ण होतील. ही जागा रहिवाशांनी स्वतः आखावी, यासाठी एका वास्तुरचनाकार मंडळाने चार सभा घेऊन मदत केली आणि बांधकामासाठी प्रत्येक घराने वर्गणी दिली. आता शेजारच्या गावांतून त्या मंडळाला बोलवावे की नाही, अशी विचारणा होऊ लागली असल्यामुळे हा अभिप्राय लिहीत आहे.

पहिल्या सभेत मंडळाने मांडाची, म्हणजे उत्सवांसाठी राखलेल्या पवित्र अंगणाची, मोकळी जागा सुचविली. कागदावर ती सोयीची दिसत होती. परंतु मांडावर वहाणा घालून कोणी जात नाही, पौषात तिथे बायकांचे धालो (गाणी-नाच) होतात आणि शिगम्याचे, म्हणजे होळीच्या सणाचे, मेळही तिथेच जमतात. रोजच्या गप्पांसाठी आणि विडी ओढण्यासाठी ती जागा नव्हे, एवढे सांगितल्यावर त्यांनी हट्ट धरला नाही, ही त्यांच्या कामातील पहिली जमेची बाजू. दुसऱ्या सभेतील नकाशात मधोमध गोल चौथरा होता. वाड्यावरील एका वृद्ध काकींनी तो कागद बाजूला सारला आणि हातातल्या काठीने ओल्या मातीत रेघ ओढून दाखविले की, सकाळी पोदेर (पाववाला) कोठे थांबतो, शाळेची बस कोठे वळते आणि दुपारी फणसाची सावली कोठवर येते. प्रत्यक्ष बांधकाम त्या रेघेला धरून झाले आणि मध्य मोकळा राहिला. आज तिथे मुलांचा खेळ चालतो आणि जत्रेच्या नाटकाची तालीमही होते.

बैठक म्हणजे फणसाभोवती वळणाने गेलेला चिऱ्यांचा (जांभ्या दगडाचा) सोपो, म्हणजे बसायचा बांधीव कट्टा. जुन्या घरांच्या बलकांवातले (दारापुढच्या ओसरीतले) सोपे रुंदीला बेताचे असतात. हा मुद्दाम सुमारे ३० इंच रुंद ठेवला आहे. न्यूयॉर्कमधील चौकांत लोक कसे बसतात याचा अभ्यास करून अमेरिकी अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९८० साली हेच माप नोंदविले होते, कारण तेवढ्या रुंदीवर दोन्ही बाजूंनी पाठीला पाठ लावून बसता येते. आमच्याकडे त्याचा वेगळाच उपयोग झाला. रस्त्याच्या बाजूला पुरुष आणि आतल्या बाजूला भाजी निवडणाऱ्या बायका, अशी वाटणी कोणी न सांगता झाली, आणि एकमेकांचे बोलणे ऐकू येत असूनही न ऐकल्यासारखे करता येते.

अमेरिकेतील पोर्टलंड शहराचे उदाहरण मंडळाने मोठ्या उत्साहाने सांगितले होते. तिथे १९९६ साली शेजाऱ्यांनी आपला चौक रंगविला, कोपऱ्यावर चहाची आणि पुस्तकांची सोय केली. पालिकेने आधी आक्षेप घेतला, पण पुढे अशा कामांना रीतसर परवानगी देण्याची वाट काढली. ते ऐकून आमच्या मुलांनीही मधली जमीन रंगविली. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात त्या रंगाचे जे व्हायचे तेच झाले; श्रावण येईपर्यंत त्यावर शेवाळ चढले होते. उदाहरण चुकीचे नव्हते, पण आपल्या हवामानाला काय मानवते हे सांगण्याची जबाबदारी मुलांची नव्हती.

माझी मुख्य तक्रार पायऱ्यांबद्दल आहे. आराखड्यात खडबडीत चिरा होता. ठेकेदाराने शेवटच्या आठवड्यात गुळगुळीत फरशी बसविली आणि मंडळातील कोणी पाहायलाही आले नाही. गेल्या जुलैत दुधाची पिशवी घेऊन उतरताना मी दुसऱ्या पायरीवरून घसरलो आणि तीन आठवडे मनगटाला पट्टी बांधून वावरलो. चार सभांचे शुल्क घेणाऱ्यांनी काम पुरे होईपर्यंत एकदा तरी फिरकावे, ही अपेक्षा फार मोठी नाही.

दुसरा दोष आमचाच आहे. सभा ठेवल्या त्या घरमालकांच्या सोयीने. वाड्यावर भाड्याने राहणाऱ्या कामगार कुटुंबांना कोणी बोलावलेच नाही. रविवारी संध्याकाळी मात्र सोप्यावर सर्वाधिक गर्दी त्यांचीच असते, आणि गटारात साचलेला फणसाचा पाला काढणारेही बहुधा तेच. पाण्याचा नळ हवा होता, असे त्यांच्यापैकी एकाने मला सहज सांगितले. चार सभांत नळाचा विषय एकदाही निघाला नव्हता, कारण आमच्या घरांत नळ आहेत.

तरीही मंडळाला बोलवावे, असेच मी सांगेन. मात्र पहिली सभा भर पावसात, जागेवरच आणि रविवारी ठेवावी, तसेच काम संपेपर्यंत देखरेखीची अट लेखी घ्यावी. नळासाठी आम्ही पंचायतीकडे अर्ज दिला आहे. फरशी बदलण्याबाबत ठेकेदाराचे उत्तर अद्याप आलेले नसल्यामुळे दुसऱ्या पायरीवर सध्या गोणपाट अंथरलेले आहे.