रेल्वे की रस्ता, क्लेमला मुदत किती?

लोकलमधून पडून घरचं माणूस गेलं तर रेल्वे क्लेम्स ट्रायब्युनलमध्ये (रेल्वेविरुद्धचे भरपाईचे दावे ऐकणारं खास न्यायालय) अर्ज करायला १ वर्ष मिळतं, उशीर झालाच तर सबळ कारण देऊन माफही होऊ शकतो, रक्कम फिक्स ८ लाख आणि रेल्वेची चूक सिद्ध करत बसायची भानगड नाही (रूळ ओलांडताना गेलेल्यांना मात्र हे सहसा लागू होत नाही).

रोड अॅक्सिडेंटला एप्रिल २०२२ पासून फक्त ६ महिने, त्याआधी बरीच वर्षं मुदतच नव्हती! इथे भरपाई वय-पगार बघून ठरते, म्हणजे ८ लाखांपेक्षा खूप जास्त मिळू शकते, पण दिवसकार्य, पोलिसांचे कागद यातच सहा महिने जातात राव. नियमाला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलंय, तरी त्या भरवशावर थांबू नका, राहता तिथल्या मोटार अपघात दावा ट्रायब्युनलमध्येही केस टाकता येते.