जानेवारीत युर्माला: रूम झकास, किल्लीसाठी मात्र गरम चहा सोबत ठेवा

भाचा लाटव्हियाच्या राजधानीत, रिगाला शिकतोय, त्याला भेटायला म्हणून आम्ही दोघं बेळगावातनं जानेवारीत गेलो आणि तीन रात्री जवळच्या युर्मालाला, समुद्रकाठच्या गावी राहिलो. घरचे म्हणाले थंडीत समुद्रावर कोण जातं का? अहो, आपण नाही का जूनमध्ये चोर्ला घाट उतरून गोव्याला जात, शॅक काढलेल्या, रूम निम्म्या भाड्यात, तसंच की हे.

रिगाहून लोकल ट्रेननं युर्मालातल्या मायोरी स्टेशनला अर्धा तास लागतो. गाडीनं गेलात तर एप्रिल ते सप्टेंबर शहरात शिरायला पैसे भरावे लागतात, हिवाळ्यात तेही नाही.

रूम म्हणजे जुन्या लाकडी घराचा वरचा मजला, खिडक्यांना नक्षीकाम, रात्रीचे ३५ युरो किचनसकट, आणि हीटर असा की घरात बनियनवर फिरत होतो. पण पहिल्याच दिवशी फजिती झाली. किल्ली दाराबाहेर नंबरवाल्या डब्बीत, आणि डब्बी बर्फानं गच्च, आकडेच फिरेनात, मालकीणबाई फोन उचलेनात, शेवटी थर्मासमधला चहा डब्बीवर ओतला तेव्हा कुठं उघडली. बिनदुधाचा होता म्हणून बरं. एक स्टार तिथंच कापला.

जोमास या तिथल्या मुख्य रस्त्यावरची बरीच हॉटेलं बंद, जी चालू ती खिशाला जड, म्हणून किचन असलेलीच रूम घ्या. आम्ही कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि संकेश्वरी मिरचीची पूड नेलेली. दुकानात केफीर म्हणून ताकासारखं आंबट दूध मिळतं, त्याची कढी इतकी छान झाली की भाचा दोनदा भात घेऊन जेवला. तिथली काळी राय ब्रेड पण मस्त, जरा गोडसर, चटणीबरोबर चालते.

आणि समुद्र! वाळूवर बर्फ, कडेचं पाणी गोठून त्याच्या लाद्या एकमेकांवर चढलेल्या, वारा पडला की त्यांचा कुरकुर आवाज येतो, मैलभर माणूस नाही. भाच्यानं बोट बुडवून चाखलं तर पाणी जवळजवळ अळणी. तिथं लिटरला पाच-सहा ग्रॅमच मीठ, आपल्या वेंगुर्ल्याकडं ३५ च्या पुढं, म्हणून ते लवकर गोठतं म्हणे. जायचं तर दुपारी बारा ते तीनमध्येच जा, चार-सव्वाचारला सूर्य गुल, मग घरात पत्ते कुटत बसायचं. ज्यांना गजबज, शॉपिंग पाहिजे त्यांनी या भानगडीत पडू नये, आम्हाला तर हेच पाहिजे होतं.

हां, बुटांचं तेवढं बघा. फुटपाथवरचा बर्फ तुडवून तुडवून काचेसारखा होतोय, बेळगावच्या कॅम्पातनं नवे घेतलेले स्पोर्ट शूज घालून आमची ही स्टेशनसमोरच दोनदा आपटली, तिसऱ्या दिवशी बुटाला लावायचे खिळेवाले रबरी पट्टे घेतले. ते पहिल्या दिवशीच घ्या.