इतवारीतल्या ऑफिसचा सर्व्हर साफ करून घेतला, सर्व्हिस कशी वाटली ते सांगतो

नागपुरात सर्व्हर साफ करून देणारे पुष्कळ आहेत, पण काय डिलीट करायचं नाही हे माहीत असलेला माणूस लवकर मिळत नाही, म्हणून हा रिव्ह्यू जरा लांब लिहून राहिलो. आमचं इतवारीत होलसेलचं काम, टॅली जुन्या विंडोज सर्व्हर २०१२ आर२ वर चालते आणि सी ड्राइव्ह सारखा लाल दिसून राहिला होता. आधी एक टेक्निशियन आला होता तो म्हणे या सगळ्या इन्स्टॉलेशनच्या उरलेल्या फायली आहेत, उडवून टाकतो, आणि थेट विंडोजमधल्या इन्स्टॉलर फोल्डरवरच गेला, भाच्याने तिथेच थांबवलं त्याला. ते फोल्डर टेम्पररी नाही ना भाऊ! टाकलेल्या सॉफ्टवेअरच्या एमएसआय (म्हणजे इन्स्टॉलेशनच्या) आणि पॅचच्या (म्हणजे दुरुस्तीच्या) फायली तिथे जपून ठेवलेल्या असतात, त्या गेल्या की पुढे ते सॉफ्टवेअर ना नीट अपडेट होत ना अनइन्स्टॉल.

मग सीताबर्डीतल्या एका छोट्या दुकानातून हे दादा आले. आल्या आल्या काहीच डिलीट केलं नाही, आधी कोणतं फोल्डर किती जागा खाऊन राहिलं ते बघितलं, टॅलीच्या डेटाचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेतला, मग कामाला लागले.

आमची मोठी भीती डी ड्राइव्हची होती. तिथे वरच इयुला (म्हणजे लायसन्सचा करार) नावाच्या, पुढे १०२८, १०३३ असे आकडे असलेल्या टेक्स्ट फायली, इन्स्टॉल डॉट एक्सई, व्हीसी रेडिस्टचं चित्र असं बरंच पडलेलं, आम्हाला वाटलं व्हायरसच आला. दादांनी नीट समजावलं की मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी++ २००८ च्या रेडिस्ट्रिब्युटेबल पॅकेजमध्येच (व्हीसी रेडिस्ट, दुसरी सॉफ्टवेअर चालायला लागणाऱ्या फायलींचा संच) हा दोष होता, ज्या ड्राइव्हवर सगळ्यात जास्त जागा मोकळी त्यावर ते स्वतःच्या फायली उघडायचं आणि काम झाल्यावर तिथेच सोडून द्यायचं. ते आकडे भाषांचे कोड आहेत, १०३३ म्हणजे इंग्रजी. या फायली बिनधास्त काढता येतात, फक्त कंट्रोल पॅनलमधून ते पॅकेजच अनइन्स्टॉल करायचं नाही, दुसऱ्या सॉफ्टवेअरला लागतं ते. जागा मात्र यांनी काही एमबीच खाल्ली होती, हेही त्यांनी आधीच सांगितलं, उगाच मोठं काम केल्यासारखं दाखवलं नाही, हे मला फार आवडलं.

शेजारीच आकडे-अक्षरांची लांबलचक नावं असलेली फोल्डरं होती, डिलीट करा तर ॲक्सेस डिनाइड. अपडेट उघडताना ती बनतात, एरवी आपोआप जातात, कधी मागे राहतात. आतल्या फायली आणि तारखा पाहून, कोणतं अपडेट चालू नाही ना याची खात्री करून, टेकओन या विंडोजच्या कमांडने मालकी घेऊन मगच काढली.

खरी जागा सी वरच निघाली. अपडेटची सर्व्हिस बंद करून सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन फोल्डरमधलं डाउनलोड (उतरवलेली अपडेट) रिकामं केलं, विंडोजचं टेम्प साफ केलं. २०१२ आर२ वर डिस्क क्लीनअप आपोआप येत नाही, त्यासाठी डेस्कटॉप एक्सपीरियन्स हे फीचर टाकून सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो, तो फापटपसारा नको म्हणून डिझम या विंडोजच्याच टूलच्या कमांडने विनएसएक्सएस फोल्डरमधले (विंडोज आपले भाग जिथे ठेवते ते) जुने कंपोनंट काढले. ते फोल्डर एक्सप्लोररमध्ये दिसतं तेवढं मोठं नसतं, हार्ड लिंकमुळे (एकाच फायलीला दोन ठिकाणी नाव) एकच फाइल दोनदा मोजली जाते, म्हणून आधी ॲनालाइझ करून खरा साइज दाखवला. रीसेटबेस (जुने कंपोनंट कायमचे काढून टाकणं) करू का, हे विचारून घेतलं, कारण ते केल्यावर आतापर्यंतचे अपडेट परत काढता येत नाहीत. मी नको म्हटलं. तरीही भरपूर जागा सुटली, सकाळी बिलिंग सुरळीत सुरू झालं.

तक्रारी दोन. पैसे आधी सांगितले नाहीत, शेवटी रक्कम ठीकच होती पण आधी कळायला पाहिजे होती. आणि काय काय काढलं ते लिहून दिलं नाही, मी मागितलं तेव्हा व्हॉट्सॲपवर पाठवलं. बाकी २०१२ आर२ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्येच संपला, आता सर्व्हर बदला, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं पण नवीन मशीन गळ्यात मारायचा प्रयत्न केला नाही.

पाचपैकी साडेचार देतो. बोलवायचं असेल तर दुकान बंद झाल्यावरची वेळ घ्या, टॅली कोणीच वापरून राहिलं नसलं पाहिजे, आणि बॅकअपसाठी रिकामी डिस्क आपली आपण तयार ठेवा.