ब्लास्टिंग की ग्राइंडर? गंजकी गाडी उघडण्याआधी

गंजलेली जुनी गाडी घरी करायला घेणाऱ्याने इंजिनाची फारशी धास्ती घेऊ नये. फियाटचं १०८९ सीसीचं इंजिन डोळे मिटून उघडणारे मिस्त्री बेळगावात अजून आहेत, आणि बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग ही कामं तिथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत रोजचीच. खरी मारामारी पत्र्याशी. त्यातही पॅच मारण्याच्या आधीची: जुना रंग, पुट्टी आणि गंज काढून पत्रा उघडा करायचा कसा? रस्ते दोन. एक, दारं-बॉनेट-सांगाडा सगळं सुटं करून ब्लास्टिंगला द्यायचं, म्हणजे हवेच्या दाबाने वाळूसारख्या कणांचा मारा करून रंग-गंज उडवून घ्यायचा. दुसरा, घरच्या शेडमध्ये ग्राइंडर आणि गंजाचं केमिकल घेऊन बसायचं, आणि सुट्या भागांसाठी मळीचं, म्हणजे साखर काढून उरलेल्या काळ्या पाकाचं, पिंप भरायचं.

माझी गाडी फियाट. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ साली ११०० डिलाइट म्हणून निघालेल्या आणि १९७४ पासून पद्मिनी नावाने विकल्या गेलेल्या घराण्यातली. हिला वेगळी चासी नाही, सगळा जीव पत्र्याच्या सांगाड्यात; तो कुजला की गाडीच संपली. मी दोन्ही रस्ते एकाच गाडीवर वापरले. चारही दारं, बॉनेट आणि डिकी ब्लास्टिंगला गेली, सांगाडा घरी राहिला. त्यामुळे पुढे जे आहे ते एका गाडीचं आणि एका अंगणाचं. तुमचा अनुभव वेगळा निघू शकतो.

ब्लास्टिंगची बाजू आधी मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे. ग्राइंडरवर आठवडे जातात तिथे ब्लास्टिंगवाला दिवसभरात मोकळा होतो. पत्र्याला पडलेल्या बारीक खड्ड्यांत बसलेला काळा गंज तारेच्या ब्रशने निघत नाही, उलट घासून चकचकीत होतो आणि निघाला असं वाटतं. ब्लास्टिंग तो मुळापासून काढतं. वर पत्रा किंचित खरखरीत होतो, त्यामुळे प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर, धरून बसतो. आणि ते खोटं बोलू देत नाही. माझ्या मागच्या डाव्या दाराची पुट्टी उडाली तेव्हा खालून तेलाच्या डब्याचा कापलेला तुकडा निघाला, छापील अक्षरांसकट, चार रिबिटा मारून बसवलेला. ग्राइंडरने मी तो कदाचित तसाच गुळगुळीत करून पुढे गेलो असतो.

मग आमच्या डेंटरचं म्हणणं, ‘वाळू मारून आणा की हो सगळीच, कशाला घासत बसताय?’ त्याच्या बाजूने विचार केला तर बरोबरच आहे. त्याला स्वच्छ पत्रा हवा, वेल्डिंग सोपं जातं.

पण बेळगावात ‘ब्लास्टिंग’ म्हटलं की गल्लत होते. आपल्याकडे फाउंड्र्या भरपूर, आणि तिथे असतं ते शॉट ब्लास्टिंग: ओतीव भाग साफ करायला पोलादी छर्‍यांचा मारा. सस्पेन्शनचे आर्म, ब्रेकचे ड्रम, मॅनिफोल्ड, व्हील डिस्क यांना ते उत्तम. गाडीचा अंगाचा पत्रा मात्र चुकूनही त्यात टाकू नका. हा पत्रा जेमतेम वीस गेजचा, म्हणजे मिलिमीटरभरही नाही. माऱ्याने एका बाजूचं कातडं ताणलं जातं आणि पत्रा पोट काढतो; मग तो दाबला की टक्‌ वाजतो आणि पुन्हा वर येतो. गरम होऊन वाकतो असं सगळे म्हणतात, पण मुख्य कारण हा ताण. वाळू किंवा गार्नेट (एका कठीण खनिजाचे दाणे) कमी दाबाने, तिरप्या नोझलने मारणारा माणूस वेगळा शोधावा लागतो. छप्पर, बॉनेट असे मोठे सपाट भाग असतील तर जास्तच जपून. कोरडी नदीची वाळू मारणारा तर शक्यतो टाळाच. तिच्या धुळीने फुप्फुसं कायमची जातात, आणि ब्रिटनमध्ये या कामासाठी ती १९५० च्या सुमारासच बंद झाली. गार्नेट महाग पडतं, पण नोझल धरून उभ्या असलेल्या पोराचा विचार करा.

दुसरी अडचण आपल्या हवेची. उघडा, ब्लास्ट केलेला पत्रा म्हणजे गंजाला आवतण. रंगकामातला सर्वमान्य नियम असा की हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत हवी आणि पत्रा दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं दव बसायला लागतं त्यापेक्षा, निदान तीन अंशांनी गरम हवा. जुलै-ऑगस्टमध्ये बेळगावात असा दिवस शोधून दाखवा. खानापूरच्या बाजूला तर बोलायलाच नको. उद्यमबागेतून टेम्पोत घातलेलं दार घरी पोचेपर्यंत त्यावर पिवळसर झाक येते. म्हणजे एपॉक्सी प्रायमर ब्लास्टिंगच्याच जागी, त्याच दिवशी मारायची सोय हवी. ती नसेल तर हा रस्ता दिवाळी ते होळी एवढाच उघडा, असं माझं मत.

हे सगळं मी पचवलं असतं. माझा तराजू झुकला तो वाळूमुळे.

वाळू दारात जाते हे सगळ्यांना माहीत असतं. ती बाहेर येत नाही हे घरी दार बसवल्यावर कळतं. दाराच्या खालच्या कडेला बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो, आणि पाणी जायला तळाशी दोन-तीन बारीक भोकं असतात. वाळू नेमकी तिथे जाऊन बसते. कॉम्प्रेसरने हवा मारली, दार उलटं करून आपटलं, रबरी हातोडीने ठोकलं. प्रत्येक वेळी मूठभर निघाली, प्रत्येक वेळी वाटलं आता संपली. प्रायमर झाला, रंग झाला. दार बिजागऱ्यांवर चढवून पहिल्यांदा बंद केलं तर आतून सर्रर्र असा आवाज, पत्र्यावरून वाळू सरकल्याचा. काच खाली घेतली तर काचेचं मशीन करकरलं. बॉनेटच्या आतल्या पट्ट्यांतली वाळू तर बॉनेट जोरात बंद केलं की एअर क्लीनरच्या झाकणावर चिमूटभर पडलेली दिसायची, आणि तिथून पुढे कार्बोरेटर फार लांब नाही.

कुणी म्हणेल, एवढ्याशा वाळूने काय होतं? होतं असं की पावसात काचेच्या कडेने पाणी दारात उतरतंच. कोरड्या दारातून ते भोकांवाटे निघून जातं. वाळू असेल तर भोकं बुजतात, वाळू ओली राहते, आणि ज्या दुमडीतला गंज काढायला पैसे मोजले तीच दुमड आतून पुन्हा कुजायला लागते. बरं, गंज रोखायला आत मेण मारायचं तर मेण पत्र्याला नाही, वाळूला चिकटतं. दारांचं असं झालं म्हटल्यावर सांगाडा तिथे पाठवायचा विचारच मी सोडला. सांगाड्याला तर दारांखालच्या पोकळ सिल आहेत, पुढच्या चाकांपाशी बंद पेट्या आहेत, छपराच्या आतल्या पट्ट्या आहेत. दार उलटं तरी करता येतं. सांगाडा कोण उलटा करून आपटणार?

घरच्या पद्धतीचंही कौतुक करून उपयोग नाही. ग्राइंडरला कप ब्रश लावून तासभर काम केलं की हात झिणझिणतात, तारा तुटून शर्टातून आत घुसतात, आणि शेजारचे काका दुपारची झोप मोडली म्हणून गेटपाशी येऊन उभे राहतात. गॉगलवर भागत नाही, तोंडाला पूर्ण शील्ड लागते, आणि नाकावर रुमाल नव्हे, धुळीचा मास्क. जुन्या रंगात शिसं असायची शक्यता धरूनच चालावं. खड्ड्यांतले काळे ठिपके उरतात ते उरतातच. त्यावर फॉस्फोरिक ॲसिडचं केमिकल लावायचं, ते गंजाचा लोहफॉस्फेट करतं आणि डाग राखाडी-काळा पडतो. मग मात्र पाण्याने नीट धुऊन, हीटगनने सुकवून लगेच प्रायमर. ॲसिड मागे राहिलं तर वरचा एपॉक्सी पापडासारखा सुटतो.

या धुण्याचा एक फायदा सहसा कुणी मोजत नाही. गाडी गोव्याकडून चोर्ला घाट चढून आलेली असेल तर गंजाच्या खड्ड्यांत मीठ असतं. कोरडं ब्लास्टिंग गंज काढतं, मीठ सगळं काढेलच असं नाही, आणि मीठ राहिलं की प्रायमरखाली फोड येतात. पाण्याने मीठ निघतं. समुद्राकाठच्या गाडीला मी तरी ब्लास्टिंगनंतरही धुणं टाळणार नाही, आणि धुवायचंच तर ब्लास्टिंगची घाई कशाला, हा पुढचा प्रश्न.

सुट्या भागांसाठी मळी. साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात राहून ती वापरायची नाही म्हणजे कमाल झाली. कारखान्यातून ती अशी डबा घेऊन जाऊन मिळत नाही, तो अबकारीचा मामला. मी गुरांच्या खाद्यासाठी विकणाऱ्याकडून घेतली. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, झाकणाचं प्लास्टिकचं पिंप. बिजागऱ्या, सीटच्या रेल, बंपरचे ब्रॅकेट, पेडल असे भाग बुडवून ठेवायचे आणि दोन-तीन आठवडे विसरून जायचं. उन्हाळ्यात लवकर होतं. मळी गंजाला धरून सोडवते, चांगल्या लोखंडाला जवळजवळ हात लावत नाही. भाग बाहेर काढून पाइपच्या धारेखाली धरला की काळा गाळ निघून जातो आणि खाली करडं लोखंड दिसतं, अगदी आट्यांच्या तळापर्यंत. ॲल्युमिनियम, जस्ताचे ओतीव हँडल मात्र त्यात घालू नका, खाऊन टाकते.

वासाबद्दल काही लपवत नाही. आंबलेल्या मळीचा वास घरात येतोच, माश्या येतात, आणि पिंप मागच्या दाराजवळ ठेवलं तर घरातल्यांशी बोलणं कमी होतं. परसात, वाऱ्याच्या खालच्या बाजूला जागा असेल तरच. मळीऐवजी धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर घेऊन विजेनेही गंज काढता येतो, लवकरही होतं; फक्त उघड्यावर करा, हायड्रोजन सुटतो, आणि दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टील लावू नका, पाणी विषारी होतं. मला मळी बरी वाटली कारण तिच्याकडे बघत बसावं लागत नाही.

आता निवड. गाडी अँबॅसडर असो की फियाट, अंगाचा पत्रा बराचसा शाबूत असेल आणि गंज तळात, सिलमध्ये, दारांच्या खालच्या कडेला असेल, तर घरीच करा असं मी सुचवेन. कुजलेला भाग तसाही कापूनच काढायचा आहे, तो आधी ब्लास्ट करून काय मिळणार? छपरापासून सगळीकडे खड्डे पडले असतील, हातात वेळ नसेल आणि गार्नेटवाला भरवशाचा असेल, तर ब्लास्टिंगला नाही म्हणणं कठीण. फेंडर, व्हील डिस्क, सस्पेन्शनचे भाग यांत पोकळी नाही. ते बिनधास्त पाठवा, फेंडर मात्र गार्नेटवाल्याकडेच; मीही पुढच्या वेळी पाठवणार.

पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज नोंदणी करायचा विचार असेल तर आणखी एक. २०२१ च्या नियमांनुसार बॉडी शेल, चासी, इंजिनात मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. ब्लास्टिंगने चाळण झालेला पत्रा बघून डेंटर अख्खा पॅनेल बदलायला उठतो. हाताने काढलं की मूळ पत्रा जास्त वाचतो, असा निदान माझा अनुभव.

आणि दारं ब्लास्टिंगला द्यायचीच असतील तर आधी काचेचं मशीन आणि लॉक काढा, आतली मोठी भोकं पत्र्याचे तुकडे आणि टेप लावून बंद करा, तळाची पाण्याची भोकं मात्र उघडी ठेवा, आणि ब्लास्टिंगवाल्याला स्पष्ट सांगा की मारा बाहेरून, आतल्या बाजूला नोझल घालायचं नाही. आतलं तुम्ही घरी घासा.